परक्या भाषेचे परके गुरुजी

इंग्रजी शिकविणारा गोरा गुरुजी म्हटला की तो इंग्रजच असणार, असे आपण गृहीत धरतो. वऱ्हाडातील कॅथलिक शिक्षणकार्याचा आरंभ पाहिला तर ही समजूत चुकीची ठरते. येथे आलेल्या मिशनऱ्यांपैकी पुष्कळांची भाषा फ्रेंच होती. इंग्रजी त्यांनाही आपल्या मुलांइतकीच परकी होती.

फादर पिएर मारी मर्मिये यांनी १८३८ साली सवॉय प्रांतात संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने मिशनऱ्यांचा संघ स्थापिला. त्याच साली मदर क्लोदीन एशर्निए यांच्या साथीने त्यांनी शावानो या खेड्यात क्रूसभगिनींच्या संघाचाही पाया घातला. सवॉय तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात होता. तो १८६० साली फ्रान्सला जोडला गेला. मिशनरी १८४५ मध्ये भारतात आले, तर धर्मभगिनी १८८६ मध्ये. नागपूरची संत फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० सालची. अमरावतीची होली क्रॉस शाळा हे या भगिनींच्याच परंपरेचे फळ. पुढे १९५५ साली अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. अकोला त्यातच येतो.

आल्प्सच्या थंडीत वाढलेली ही माणसे वऱ्हाडच्या उन्हाळ्यात फळ्यापुढे उभी राहिली, तेव्हा वर्गात कोणते प्रसंग उभे राहत असतील? त्याचा अंदाज भाषाच आपल्याला देतात. फ्रेंच बोलीत 'ह'चा उच्चार होत नाही. म्हणून 'हाऊस' हा शब्द गुरुजींपेक्षा वऱ्हाडी पोराच्याच तोंडी अधिक चांगला उमटणार. 'थिंक' म्हणताना फ्रेंच जीभ 'सिंक'कडे वळते. उलट नामाआधी लागणारी 'द', 'अ' ही उपपदे फ्रेंच माणसाला सवयीची, आणि मराठी मुलाला मात्र अनाकलनीय. कारण मराठीत ती नाहीतच. शिकविणारा एके ठिकाणी अडखळे, शिकणारा दुसऱ्या ठिकाणी.

मराठी शिकण्याची कसोटी तर निराळीच. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ पासून उपलब्ध होता. त्यातून कष्टाने 'ळ' शिकून बाजारात जावे, तर तेथे 'काळा'चा 'काया' आणि 'डोळा'चा 'डोया' झालेला! पुस्तकातील मराठी आणि वऱ्हाडी बोली यांतील हे अंतर तोडण्यास कोश अपुरा. त्यासाठी शेजारच्या आजीबाईंच्या ओसरीवर बसणेच भाग होते.

संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी एका मूकबधिर तरुणाला खाणाखुणांनी धर्मशिक्षण दिले, ही हकीकत आपणांस ठाऊक आहे. त्यांच्या अनुयायांनाही शब्द अपुरे पडत तेथे हातवारे, चित्रे आणि हसरा चेहरा यांचाच आधार घ्यावा लागला असणार. वसई-गोव्याच्या वाचकांना येथे फादर थॉमस स्टीफन्स आठवतील. १६१६ सालचे 'क्रिस्तपुराण' रचणारा हा इंग्रज धर्मगुरू आधी आपल्या लोकांच्या भाषेचा विद्यार्थीच झाला होता.

आज आपली मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. ते योग्यच आहे. परंतु त्या परक्यांनी जी बोली कष्टाने कानी साठविली, तीच आपल्या घरातून आपण नकळत हद्दपार करीत असू, तर त्यांच्या श्रमांचे आपण काय मोल केले? संध्याकाळची प्रार्थना संपल्यावर आजीचा 'डोया' नातवाला तिच्याच शब्दांत ऐकू द्यावा, एवढी तरी कृतज्ञता आपण दाखवू या.