संकटातल्या पैशाचा हिशेब



गटाच्या बैठकीत बचत गोळा होते, हप्ते भरले जातात आणि मग सचिव वही उघडून जमाखर्च वाचायला लागते. कुणाला घरी जायची घाई असते, कुणाचं बाळ किरकिरत असतं. तरी आपण वही वाचून होईपर्यंत बसतो. कारण पैसा सगळ्यांचा आहे. आज आम्ही अशाच एका वहीची गोष्ट सांगणार आहोत. ही वही एका अख्ख्या देशाची आहे.

देश आहे दक्षिण आफ्रिका. २०२० च्या मार्च महिन्यात आपल्यासारखीच तिथेही टाळेबंदी लागली. घरकाम करणाऱ्या बायका, रस्त्यावर भाजी विकणाऱ्या, खाणीतले मजूर, सगळ्यांचं काम एका रात्रीत थांबलं. २१ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी ५० हजार कोटी रँडची मदत जाहीर केली. रँड म्हणजे तिथला रुपया. त्या वेळी एक रँड आपल्या साधारण चार रुपयांचा होता. म्हणजे आपल्या हिशेबात ही रक्कम दोन लाख कोटींच्या घरात जाते. ज्यांना कसलंच उत्पन्न नाही त्यांना महिन्याला ३५० रँड, काम बंद पडलेल्या कामगारांना बेरोजगारी विमा निधीतून मजुरीचा काही भाग, शिवाय अन्नाची पाकिटं आणि दवाखान्यांसाठी मास्क, हातमोजे, अंगभर घालायचे पोशाख, अशी ती मदत होती.

आता घाईत वाटलेल्या पैशाचं काय होतं, ते आपल्याला सांगायला नको. टेंडरचे नियम सैल होतात, तपासायला वेळ नसतो आणि मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पुढे सरसावतात. ऑडिट नेहमी वर्ष संपल्यावर होतं. तोवर पैसा गेलेला असतो आणि कागद हरवलेले असतात. म्हणून या वेळी पैसा वाटला जात असतानाच तपासायचं ठरलं. ते काम महालेखापरीक्षक किमी मक्वेतू आणि त्यांच्या माणसांकडे आलं.

त्यांनी केलं काय, ते समजायला सोपं आहे. समजा, आपल्या गावात मदत मिळालेल्यांची एक यादी आहे. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंदवही आहे. दोन्ही शेजारी ठेवून नावं जुळवली, तर मेलेल्या माणसाच्या नावावर कुणी पैसे उचलले ते लगेच दिसेल. तिथल्या लेखापरीक्षकांनी हेच संगणकावर केलं. मदतीची यादी एकीकडे, आणि मृत्यूची नोंद, तुरुंगातल्या कैद्यांची यादी, सरकारी पगारदारांची यादी दुसरीकडे.

२ सप्टेंबर २०२० ला पहिला अहवाल जाहीर झाला. विमा निधीचे पैसे मेलेल्यांच्या, कैद्यांच्या आणि कामाचं वय न झालेल्या मुलांच्या नावावर गेलेले निघाले. एकाच माणसाला दोन-दोन ठिकाणांहून मदत मिळाली होती. दवाखान्यांसाठीचं काही सामान सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा दुप्पट, काही तर पाचपट भावाने घेतलेलं होतं. सख्यांनो, त्या काळात आपल्याकडे कितीतरी गटांनी मास्क शिवले. कापड किती, नाडी किती, मजुरी किती, हे आपल्याला तोंडपाठ होतं. पाचपट भाव म्हणजे काय, हे आपल्याइतकं कोणाला कळणार?

या तपासणीमुळे पैसे जाण्याच्या वाटा मध्येच बुजवता आल्या. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. पडताळणीसाठी काही हप्ते थांबले आणि प्रामाणिक मजुरांनाही ताटकळावं लागलं. जुन्या याद्यांवर विसंबल्यामुळे खऱ्या गरजूंचे अर्जही नाकारले गेले. आणखी एक गोष्ट बायकांची. ज्या आया मुलांसाठीचं अनुदान घेत होत्या, त्यांना ३५० रँडची मदत मागताच येत नव्हती. त्यांना वेगळी थोडी रक्कम मिळायची, ती ऑक्टोबर २०२० नंतर बंद झाली. ३५० रँडचं दार त्यांना उघडलं ते थेट ऑगस्ट २०२१ मध्ये. म्हणून वही वाचताना दोन प्रश्न विचारायचे. ज्याचा हक्क नाही असं कोणाचं नाव यादीत आहे? आणि ज्याचा हक्क आहे असं कोणाचं नाव यादीत नाही?

मक्वेतू पुढचा अहवाल पाहू शकले नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं. १ डिसेंबरला त्सकानी मलुलेके यांनी सूत्रं घेतली. शंभरहून जास्त वर्षांच्या त्या कार्यालयात या पदावर आलेल्या त्या पहिल्या बाई. पुढचे अहवाल त्यांच्या काळात निघाले.

पण अहवाल बोलतो तो कागदावरून. आणि कागद राखणारी माणसं आत, कचेरीत बसलेली असतात. बबिता देवकरण त्यांच्यापैकी एक. भारतीय वंशाच्या या बाई जोहान्सबर्ग शहर ज्या प्रांतात आहे, त्या गौतेंग प्रांताच्या आरोग्य विभागात हिशेबाच्या मोठ्या अधिकारी होत्या. कोरोनाच्या सामानखरेदीच्या चौकशीत त्या साक्षीदार होत्या. एका सरकारी इस्पितळाच्या संशयास्पद बिलांवरही त्यांनी बोट ठेवलं होतं. २३ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी त्या मुलीला शाळेत सोडून घरी परतल्या, आणि घराबाहेरच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. खुनात सामील असलेल्या सहा जणांना २०२३ मध्ये शिक्षा झाली. त्या खटल्यात खून करवणारा मात्र पकडला गेला नाही.

ही गोष्ट तुम्हाला घाबरवायला आम्ही सांगितलेली नाही. एकटीने प्रश्न विचारला की ती एकटी पडते, आणि कुंपणच शेत खात असेल तर एकटीचा जीवही जातो. तोच प्रश्न वीस जणींनी भर सभेत विचारला, तर दाबायचं कोणाला? म्हणून ग्रामसभेत जाताना गटाने मिळून जायचं. मदत आली किती, वाटली किती, कोणाला, कोणत्या भावाने घेतली, हे मोठ्याने वाचून दाखवा म्हणायचं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायचा तर त्यावर चर्चा गटात करायची.

आणि कोणी म्हणालंच, "बायांनो, तुमचा विश्वास नाही का?" तर सांगायचं, आमच्या गटातही आम्ही दर बैठकीला वही वाचतो. सख्ख्या जावा असतो, तरी वाचतो. विश्वास टिकावा म्हणूनच वाचतो.

पुढच्या बैठकीत वही उघडाल, तेव्हा बबिताताईंची आठवण काढा.