न वापरलेल्या विजेचे मोल

विजेच्या टंचाईवर महाराष्ट्राला ठाऊक असलेला जुना उपाय म्हणजे भारनियमन. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की फीडर बंद करायचे आणि तुटीचा भार त्या त्या भागातील ग्राहकांवर टाकायचा. यात कोणाचे किती नुकसान झाले याचा हिशेब नसतो, मग त्याचा मोबदला दूरच. अमेरिकेतील घाऊक वीजबाजारांनी याच प्रश्नावर वेगळा मार्ग शोधला. ऐन टंचाईच्या वेळी जो ग्राहक स्वेच्छेने आपला वापर कमी करील, त्याला वीजनिर्मिती केंद्राप्रमाणेच पैसे द्यायचे. 'डिमांड रिस्पॉन्स' म्हणजेच मागणी प्रतिसाद या नावाने ही पद्धत ओळखली जाते, तर अशा वाचवलेल्या विजेसाठी ऊर्जातज्ज्ञ अमोरी लव्हिन्स यांनी १९८०च्या दशकात 'नेगावॉट' हा शब्द रूढ केला. कल्पना साधी असली तरी न वापरलेल्या विजेला भाव किती द्यायचा आणि ती खरोखरच वाचली हे कसे ठरवायचे, या दोन प्रश्नांवरून झालेला वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

भाव कसा ठरतो?

'पीजेएम' हा अमेरिकेतील सर्वात मोठा घाऊक वीजबाजार. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी आणि मेरीलँड या राज्यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. १९२७ मध्ये काही वीज कंपन्यांनी आपले जाळे जोडून घेतल्यापासून या संस्थेचा इतिहास सुरू होतो. आज १३ राज्ये व वॉशिंग्टन डी. सी. येथील सुमारे साडेसहा कोटी लोकांना या जाळ्यातून वीज पोहोचते.

या बाजाराचे दोन भाग आहेत. उद्या लागणाऱ्या विजेचे बहुतेक व्यवहार आदल्या दिवशीच ठरतात. मात्र अंदाज आणि वस्तुस्थिती यांत फरक पडतोच. एखादे केंद्र अचानक बंद पडते किंवा उष्म्याने मागणी वाढते. हा फरक 'रिअल टाइम' म्हणजे तत्क्षणीच्या बाजारात भरून काढला जातो आणि तेथे दर पाच मिनिटांनी नवा भाव निघतो. निर्मिती केंद्रांचे देकार स्वस्ताकडून महागाकडे लावले जातात आणि मागणी पूर्ण करण्यासाठी ज्या शेवटच्या देकाराला हात घालावा लागतो, त्याचा भाव त्या ठिकाणी सर्वांना लागू होतो. वाहिन्यांवर ताण असेल तर ठिकाणागणिक भाव बदलतो.

टंचाईच्या तासांत या शेवटच्या काही मेगावॉटनाच विलक्षण महत्त्व येते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मागणी १ लाख ४० हजार मेगावॉट आहे आणि शेवटचा देकार दर मेगावॉट-तासाला, म्हणजे १००० युनिटना, ४०० डॉलरचा आहे. ग्राहकांनी १ हजार मेगावॉट वापर कमी केल्यामुळे तो देकार घ्यावा लागला नाही आणि भाव ३०० डॉलरवर आला. सोयीसाठी सर्व वीज याच भावाने विकली जाते असे धरले, तर वापर कमी करणाऱ्यांना त्या तासाचे ३ लाख डॉलर द्यावे लागतील, पण उरलेल्या ग्राहकांचे १ कोटी ३९ लाख डॉलर वाचतील. ऑगस्ट २००६च्या उष्णतेच्या लाटेत ग्राहकांनी स्वेच्छेने केलेल्या कपातीमुळे एका आठवड्यात ६५ कोटी डॉलरहून अधिक बचत झाल्याचा अंदाज पीजेएमने वर्तवला होता.

मग ग्राहक महाग तासाला आपणहून वापर कमी का करीत नाहीत? कारण तो भाव त्यांना दिसतच नाही. घरगुती ग्राहक आणि लहान व्यावसायिक महिनाभर जवळपास एकाच दराने बिल भरतात. घाऊक बाजारात वीज दसपट महाग झाली तरी वातानुकूलन यंत्र त्याच दराने चालते. मागणी प्रतिसादाची गरज या तुटलेल्या दुव्यातून निर्माण झाली आहे.

यात भाग घेणारे ग्राहक नाना प्रकारचे असतात. पोलादाच्या विद्युतभट्ट्या, शीतगृहे, पाणीपुरवठ्याचे पंप, कार्यालयांच्या इमारती आणि साखळी दुकाने त्यांत येतात. पीजेएममध्ये किमान १०० किलोवॉटचा देकार चालतो. त्याहून लहान ग्राहकांना एकत्र बांधून बाजारात उतरवणाऱ्या मध्यस्थ कंपन्याही आहेत.

दुहेरी लाभाचा वाद

अमेरिकेच्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने १५ मार्च २०११ रोजी ७४५ क्रमांकाचा आदेश काढला. वापरात केलेली कपात मागणी-पुरवठ्याचा समतोल साधण्यास उपयोगी आणि किफायतशीर असेल, तर तिला निर्मितीइतकाच पूर्ण बाजारभाव मिळावा, असे त्यात म्हटले होते. किफायतशीरपणासाठी एक कसोटी लावण्यात आली. कपात केल्यावर बाजाराचा खर्च कमी युनिटांवर वाटला जातो. भाव पुरेसा उतरला नाही तर उरलेल्या ग्राहकांवर प्रतियुनिट बोजा उलट वाढतो. म्हणून दर महिन्याला एक किमान भाव ठरवायचा आणि त्याच्यावर बाजार गेला तरच पूर्ण मोबदला द्यायचा.

हार्वर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ विल्यम होगन यांनी यावर आक्षेप घेतला. वापर कमी करणाऱ्याचे किरकोळ बिल आधीच वाचलेले असते, त्यावर पूर्ण बाजारभाव दिल्यास त्याला दुहेरी लाभ होतो, हा त्यांचा मुद्दा. बाजारभाव १०० डॉलर आणि किरकोळ दर ६० डॉलर असेल, तर यंत्र बंद ठेवण्याचा एकूण लाभ १६० डॉलर होतो. मग १०० डॉलरच्या विजेवर १५० डॉलरचे काम करणारा कारखानाही बंद राहणे पसंत करील आणि त्यात समाजाचे नुकसान आहे. म्हणून बाजारभावातून किरकोळ दर वजा करून मोबदला द्यावा, असे टीकाकारांचे म्हणणे होते. आयोगाचे सदस्य फिलिप मोलर यांनीही आदेशाविरुद्ध मत नोंदवले. दुसऱ्या बाजूला अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड कान यांनी पूर्ण मोबदल्याचा पुरस्कार केला होता. समतोल राखण्यासाठी निर्माण केलेला मेगावॉट आणि वाचवलेला मेगावॉट यांची उपयुक्तता सारखीच आहे, असा या बाजूचा युक्तिवाद होता.

निर्मिती कंपन्यांच्या संघटनेने आदेशाला न्यायालयात आव्हान दिले. १९३५च्या कायद्यानुसार घाऊक विक्री केंद्राच्या आणि किरकोळ विक्री राज्यांच्या अखत्यारीत येते. ग्राहकाने वीज वापरावी की नाही हा किरकोळ विक्रीचा प्रश्न असल्याने केंद्रीय आयोगाला तेथे अधिकार नाही, हा त्यांचा दावा वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मे २०१४ मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी मान्य केला आणि आदेश रद्द ठरवला. मात्र २५ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी तो निकाल फिरवला. घाऊक दरावर थेट परिणाम करणाऱ्या व्यवहारांचे नियमन आयोग करू शकतो, असे न्यायमूर्ती एलेना केगन यांनी बहुमताच्या निकालात स्पष्ट केले. मोबदल्याचे सूत्र निवडताना आयोगाने पुरेशी कारणे दिली असल्याचेही न्यायालयाने म्हटले. न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया आणि क्लॅरेन्स थॉमस यांचे मत विरोधात होते.

न घडलेल्याचे मोजमाप

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. निर्माण झालेली वीज मीटर मोजतो. न वापरलेली वीज मोजणारा मीटर नाही. त्यामुळे कपात झाली नसती तर ग्राहकाने किती वीज वापरली असती, याचा अंदाज बांधावा लागतो. पीजेएमच्या प्रचलित पद्धतीत कामकाजाच्या अलीकडच्या पाच दिवसांपैकी सर्वाधिक वापराचे चार दिवस घेऊन सरासरी काढतात आणि त्या दिवशीच्या परिस्थितीनुसार ती जुळवून घेतात. या आधाररेषेतून प्रत्यक्ष वापर वजा केला की 'बचत' मिळते.

आधाररेषा कृत्रिमपणे फुगवली तर काहीही न करता पैसे मिळू शकतात. मेन राज्यातील एका कागद कारखान्याकडे स्वतःचे जनित्र होते. आधाररेषा ठरण्याच्या दिवसांत त्याने आपली निर्मिती कमी करून बाहेरची वीज जास्त घेतली आणि नंतर नेहमीची निर्मिती सुरू करून तीच कपात म्हणून दाखवली, असा ठपका नियामक आयोगाने ठेवला. २०१३ मध्ये हे प्रकरण १ कोटी डॉलर दंडाच्या तडजोडीवर मिटले.

लाभ कोणाला?

न्यायालयीन विजयानंतरही तत्क्षणीच्या बाजारातील सहभाग मर्यादितच राहिला आहे. पीजेएममध्ये मागणी प्रतिसादाचे बहुतांश उत्पन्न 'क्षमता बाजारा'तून येते. संकटकाळी कपात करण्याची हमी आगाऊ देऊन त्यासाठी तेथे मोबदला घेतला जातो. याची कारणे व्यावहारिक आहेत. बहुतेक तासांत विजेचा भाव इतका कमी असतो की उत्पादन थांबवणे परवडत नाही आणि काही मिनिटांच्या सूचनेवर बंद करता येतील अशी यंत्रे थोडीच असतात.

टेक्सासमध्ये मात्र वेगळे चित्र दिसले. बिटकॉइन तयार करणारी यंत्रे क्षणात थांबवता येतात. ऑगस्ट २०२३च्या उष्म्यात रायट या कंपनीने वापर घटवून सुमारे ३ कोटी १७ लाख डॉलरचा लाभ मिळवल्याचे जाहीर केले. यातला मोठा वाटा आधी करार करून घेतलेली वीज बाजाराला परत विकण्यातून आला होता. प्रचंड मागणी आधी निर्माण करणाऱ्यालाच ती कमी केल्याबद्दल एवढा लाभ व्हावा का, हा प्रश्न त्यामुळे नव्याने विचारला जाऊ लागला.

भारतात वीज विनिमय केंद्रांचे व्यवहार २००८ मध्ये आणि तत्क्षणीचा बाजार १ जून २०२० रोजी सुरू झाला. येथे दर अर्ध्या तासाला लिलाव होतो आणि प्रत्येक व्यवहार १५ मिनिटांच्या कालखंडासाठी असतो. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २०२२च्या विनियमांनी जाळ्याच्या समतोलासाठीच्या सेवांमध्ये मागणी प्रतिसादाला स्थान दिले आहे. मुंबईत टाटा पॉवरने २०२३ मध्ये अशी योजना जाहीर करताना पहिल्या सहा महिन्यांत ७५ मेगावॉट आणि २०२५च्या उन्हाळ्यापर्यंत २०० मेगावॉट हे लक्ष्य ठेवले होते. वितरण कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी राबवलेली योजना आणि ग्राहकाने घाऊक बाजारात थेट निर्मिती केंद्राशी स्पर्धा करणे, यांत मोठे अंतर आहे. ते ओलांडायचे तर प्रत्येक १५ मिनिटांचा वापर नोंदवणारे मीटर, विश्वासार्ह आधाररेषा आणि मोबदल्याचे न्याय्य सूत्र या तिन्ही गोष्टी आधी ठरवाव्या लागतील. अंधार सोसणाऱ्या ग्राहकाला त्याची किंमत मिळणे योग्यच आहे. पण ती किंमत अखेर इतर ग्राहकांच्या बिलातूनच येते. म्हणूनच तिचा हिशेब चोख असणे आवश्यक ठरते.