चकचकीत रुपया आणि पुसलेली टिंबे

१/
व्हिक्टोरिया राणीची मुद्रा आणि १८६२ हे साल असलेले चांदीचे रुपये जुन्या बाजारात विपुल दिसतात. त्या एकाच वर्षी एवढे रुपये पाडले गेले असे मात्र नव्हे. पुढे १८७४ पर्यंत रुपयावरील साल बदललेच गेले नाही. नाणे १८७० मध्ये पाडलेले असले, तरी त्यावर १८६२ हेच साल!

२/
मग त्याचे खरे वर्ष कसे ओळखावे? मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर, साल असलेल्या बाजूस, अतिशय बारीक टिंबे आढळतात. त्यांची संख्या आणि जागा यांवरून अभ्यासक नाण्याचे वर्ष ठरवतात. आधीच झिजलेला असा रुपया कोणी घासून लखलखीत केला, की ही टिंबे सपाट होतात. काळा थर जातो आणि त्याच्यासोबत नाण्याची जन्मतारीखही जाते.

३/
म्हणून जुना रुपया विकत घेताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. नाणे खरे आहे काय? आणि खरे असल्यास, त्यातले मूळचे किती शिल्लक आहे?

४/
पहिला प्रश्न सराफांचा. चांदवडी, अंकुशी असे नाना प्रकारचे रुपये एकाच पेठेत फिरत, त्या काळात सराफ प्रत्येक नाणे वाजवून, तोलून पाहत आणि कस कमी भरल्यास बट्टा कापून घेत. ‘खणखणीत नाणे’ आणि ‘नावाला बट्टा लागणे’ या शब्दप्रयोगांत तो व्यवहार अजून जिवंत आहे.

५/
१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या रुपयाचे प्रमाण ठरले : वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. हे प्रमाण शतकाहून अधिक काळ टिकले. त्यामुळे वजनकाटा ही आजही पहिली कसोटी होय. वापरातील नाणे झिजून हलके होणे स्वाभाविक. परंतु चेहरा पार झिजलेला आणि वजन मात्र पुरेपूर, अशा रुपयाविषयी शंका घ्यावी. झीज आणि वजन यांची साक्ष जुळली पाहिजे.

६/
दुसरी कसोटी पाण्याची. रुपया बारीक दोऱ्याने पाण्यात टांगून तोलल्यास अस्सल नाण्याचे वजन सुमारे १.१३ ग्रॅमने कमी भरते. तितक्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा रुपया सुमारे १.३४ ग्रॅमने हलका होतो, कारण तो मिश्रधातू चांदीपेक्षा कमी घन असतो आणि अधिक जागा व्यापतो. लोहचुंबकाला चिकटणारा रुपया तर तत्काळ बाजूला ठेवावा.

७/
तिसरी कसोटी भिंगाची. टांकसाळीत नाणे ठशांच्या दाबाखाली घडते; म्हणून त्याची अक्षरे रेखीव आणि पार्श्वभूमी गुळगुळीत असते. ओतीव बनावट नाण्याची अक्षरे बोथट दिसतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे असतात आणि कडेवर कधी कधी सांध्याची रेषा उमटते. कड न पाहता रुपया घेऊ नये.

८/
१९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मीळ, म्हणून त्याच्या नकलाही अनेक. येथे कड फार उपयोगी पडते. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि दातेरी कडेच्या मध्यातून सुरक्षेची खाच धावू लागली. अशी खाच असलेल्या रुपयावर १९३९ दिसले, तर आकडा कोरून बदलल्याचा संशय धरावा.

९/
आता दुसरा प्रश्न. चांदीवरील काळा थर म्हणजे नुसती धूळ नव्हे. हवेतील गंधकाशी संयोग पावलेली ती नाण्याचीच चांदी असते. आम्लात बुडवून हा थर काढला, की चांदीचा एक पापुद्राच निघून जातो. टांकसाळी झळाळी ही धातू ठशाखाली पसरताना उमटलेल्या सूक्ष्म रेषांची असते. त्या रेषा एकदा गेल्या, की कोणत्याही लेपाने परत येत नाहीत.

१०/
साफ केलेले नाणे ओळखणे कठीण नाही. ते प्रकाशात तिरके फिरवावे. अस्सल झळाळी नाण्यासोबत चक्राकार फिरते. घासलेल्या नाण्यावर मात्र एकाच दिशेचे बारीक ओरखडे चमकतात. चेहरा पांढराफटक आणि अक्षरांच्या फटींत काळे, हीही तीच खूण.

११/
दिवाळीत लक्ष्मीपूजनाचे रुपये चिंचेने वा रांगोळीने उजळण्याची रीत अनेक घरांत आहे. पूजेचा रुपया उजळावा, यात वावगे काही नाही. मात्र त्याच डब्यात टिंबांचा १८६२ चा रुपया असेल, तर तो आधी ओळखून वेगळा काढावा.

१२/
प्रत्येक इजा सारखी नसते. सराफाने पारख करून मारलेला ठसा हे नाणे बाजारात फिरल्याचे प्रमाणपत्र आहे. माळेत ओवण्यासाठी डाक देऊन लावलेल्या कडीची खूण नाण्याची किंमत उतरवते. पण रुपया दागिना कसा झाला, हेही तीच सांगते. या खुणा इतिहासात भर घालतात. घासणी केवळ वजाबाकी करते.

१३/
खरेदीनंतरचा नियम साधा. नाणे कडेने धरावे. माती असल्यास ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून मऊ कापडाने टिपावे, चोळू नये. पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने हिरवट चिकट थर नाण्यावर येतो, म्हणून ती टाळावीत.

१४/
खोटे नाणे संग्राहकाला एकदाच फसवते. खरे नाणे घासणारा मात्र त्याच्यानंतर येणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला एका साक्षीदाराला मुकवतो. काळवंडलेला रुपया बोलका असतो. त्याला तसाच बोलू द्यावा.