अण्वीय सुरक्षोपाय व तारापूर

शांततामय उपयोगासाठी दिलेली अण्वीय सामग्री शस्त्रनिर्मितीकडे वळविली जात नाही, याची करारानुसार पडताळणी करण्याच्या व्यवस्थेस ‘अण्वीय सुरक्षोपाय’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरण (स्थापना १९५७, मुख्यालय व्हिएन्ना) ही पडताळणी करते. निरीक्षक, उपकरणे व निधी मर्यादित असल्याने ते कोठे व किती योजावेत, हा या व्यवस्थेपुढील मूलभूत प्रश्न होय. तारापूर (पालघर जिल्हा, २०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) येथील अणुविद्युत् केंद्राच्या इतिहासात त्याचे दोन्ही अंग, गणिती व राजकीय, स्पष्ट दिसतात.

भारत व अमेरिका यांच्यातील १९६३ च्या करारान्वये उभारलेल्या येथील दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये कार्यान्वित झाल्या. १९७१ च्या त्रिपक्षीय करारानुसार अभिकरणाची तपासणी त्यांना लागू झाली. इंधन म्हणून वापरले जाणारे अल्पसमृद्ध युरेनियम थेट शस्त्रोपयोगी नसते. वापरून झालेल्या इंधनात मात्र प्लुटोनियम असते. अभिकरणाच्या मानकांनुसार ८ किग्रॅ. प्लुटोनियम किंवा अल्पसमृद्ध युरेनियमातील ७५ किग्रॅ. युरेनियम–२३५ हे ‘लक्षणीय परिमाण’ होय. सामग्री वळविली गेल्यास ती वापरलेल्या इंधनाच्या बाबतीत सुमारे तीन महिन्यांत, तर अल्पसमृद्ध युरेनियमाच्या बाबतीत एका वर्षात उघडकीस यावी, असे परंपरागत उद्दिष्ट आहे. त्यामुळे वापरलेल्या इंधनाची तपासणी अधिक वेळा करावी लागते. दोन भेटींमधील काळात मोहोरा व कॅमेरे यांवर भिस्त असते.

प्रत्येक वस्तू मोजणे परवडत नाही, म्हणून नमुना-निवडीचा आधार घेतात. १०० वस्तूंपैकी १० गहाळ असल्यास त्यांतील किमान एक सापडण्याची संभाव्यता ५० टक्के असावी यासाठी सु. ७ वस्तू तपासणे पुरते. ९५ टक्क्यांसाठी सु. २६ लागतात. म्हणजे निश्चितीच्या प्रत्येक पुढील टप्प्यास खर्च अधिकाधिक वाढतो. तपासणी केव्हा होणार हे लपविणाऱ्यास आधी कळले, तर ती निष्फळ ठरते; अमेरिकी गणितज्ञ मेल्व्हिन ड्रेशर यांनी १९६२ मध्ये मर्यादित तपासण्यांचा हा प्रश्न खेळ सिद्धांताच्या साहाय्याने मांडला.

तथापि या पद्धती कराराने आखून दिलेल्या कक्षेतच चालतात. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा करून निर्यातीवर निर्बंध घातले. पुढे १९८२ च्या समझोत्यानुसार फ्रान्सने तारापूरला इंधन पुरविले. मूळ करार १९९३ मध्ये संपला, तरी अभिकरणाशी १९९४ मध्ये झालेल्या नव्या करारामुळे तपासणी चालू राहिली. अण्वस्त्र प्रसारबंदी करारात (१९६८) भारत सहभागी नाही; म्हणून येथील तपासणी संपूर्ण राष्ट्रास लागू नसून नेमक्या सुविधांपुरती व सामग्रीपुरती आहे. २००५ व २००६ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्या २००६ च्या विभाजन योजनेत तपासणीबाहेर ठेवल्या गेल्या. पहिल्या दोन मात्र तीखालीच राहिल्या.

इराकमधील गुप्त कार्यक्रम १९९१ मध्ये उघडकीस आल्यावर, घोषित वस्तूंची गणना अपुरी असल्याचे दिसून आले. १९९७ च्या आदर्श अतिरिक्त संधिलेखानंतर, संपूर्ण राष्ट्राचा विचार करून शस्त्रसामग्री मिळविण्याचे संभाव्य मार्ग तपासण्याची व त्यांनुसार साधने वाटण्याची पद्धती विकसित झाली. साधनांची वाटणी गणिताने ठरविता येते. परंतु काय तपासावयाचे, हे करारच ठरवितो. एकाच आवारातील तारापूरच्या चार अणुभट्ट्या याची साक्ष देतात.