काळा कुत्रा आणि दोन माणसं

शाळेत असताना शेरलॉक होम्सचा तो बास्करव्हिलचा कुत्रा वाचला आणि पुढचे आठ दिवस रात्री पाणी प्यायला उठायची हिंमत झाली नाही! या शनिवारी बाहेर धो धो पाऊस, म्हटलं बघू तरी हे कुत्रं आलं कुठून.

१९०१ मध्ये कॉनन डॉयल इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफोकमधल्या क्रोमरला गेला होता. तिथे फ्लेचर रॉबिन्सन या मित्राकडून त्याने एका भुताळी कुत्र्याची दंतकथा ऐकली. कादंबरी त्याने नेली डार्टमूरला, पण नॉरफोक-सफोकचं स्वतःचं एक कुत्रं आहेच. नाव ब्लॅक शक. 'शक' हा जुन्या इंग्रजीतल्या पिशाच्चवाचक शब्दावरून आला असं मानतात.

त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट ४ ऑगस्ट १५७७ची. रविवार. सफोकमधल्या बंगे गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये प्रार्थना चालू आणि बाहेर भयंकर वादळ. अब्राहम फ्लेमिंग नावाच्या लेखकाने त्याच वर्षी एक पुस्तिका छापली. तिच्यात विजांच्या लखलखाटात एक काळा कुत्रा चर्चमध्ये घुसतो, गुडघे टेकलेल्या दोघांना मारतो आणि तिसऱ्याला भाजलेल्या चामड्यासारखा आकसून टाकतो. मग ब्लायदबर्गच्या चर्चमध्ये जाऊन आणखी तिघांना. तिथल्या दारावरचे जळके डाग आजही कुत्र्याच्या पंजाचे म्हणून दाखवतात. (तसले डाग इंग्लंडमधल्या कित्येक जुन्या घरांच्या लाकडांवर आहेत. वीज-आगीपासून रक्षण व्हावं म्हणून लोक ते ज्योतीने मुद्दाम पाडायचे असं अभ्यासक म्हणतात.)

आता आमच्या धंद्यातली सवय. काही क्रॅश झालं की कोण काय सांगतो ते नंतर, आधी लॉग बघायचा. बंगे चर्चचा 'लॉग' म्हणजे तिथली मृत्यूची नोंदवही. तिच्यात त्या दिवशीची नोंद आहे: जॉन फुलर आणि ॲडम वॉकर, प्रार्थनेच्या वेळी, घंटाघरात, वादळाने मेले. बस्स. कुत्रा नाही! गावातला सगळ्यात उंच मनोरा आणि फ्रँकलिनची वीजवाहक सळई यायला अजून पावणेदोनशे वर्षं. मग वीज दुसरीकडे कुठे पडणार?

पण फ्लेमिंगला लोकांना देवाचा कोप दाखवायचा होता. नुसती वीज कोण विकत घेणार?

आज तो कुत्रा गावच्या बोधचिन्हावर आहे, फुटबॉल टीमचं टोपणनावही तेच. फुलर आणि वॉकर मात्र कुणाच्या लक्षात नाहीत. ती दोघं घरून निघताना काय बोलली असतील, घरी कोण वाट बघत असेल, याची गोष्ट कुणी छापली नाही.

असो. पाऊस थांबलाय, चहा टाकतो. आज रात्री पाणी प्यायला उठलो तर कुत्रा नाही, हे दोघं आठवतील बहुतेक.