डेरोझिओचा वर्ग

विद्यार्थ्यांनीं स्वतंत्र विचार करावा असें आपण सारेच म्हणतों; पण तसें खरोखर शिकविणाऱ्यावर काय प्रसंग येतो, हें कलकत्त्याच्या हिंदु कॉलेजनें दाखविलें आहे. तेथें १८२६ सालीं हेन्री डेरोझिओ शिक्षक झाला. वय अवघें सतरा! विद्यार्थी त्याच्याहून फारसे लहान नव्हते.

त्याची रीत साधी होती. ईश्वराच्या अस्तित्वाविषयीं ह्यूमनें काढलेल्या शंका त्यानें मुलांपुढें मांडल्या. रीड व स्ट्यूअर्ट यांनीं ह्यूमला दिलेलीं उत्तरेंही मांडलीं. निवाडा ज्याचा त्यानें करावा. १८२८ च्या सुमारास त्याच्या पुढाकारानें ‘ॲकॅडेमिक असोसिएशन’ ही वादसभा निघाली. तेथें दैव, सत्य, मूर्तिपूजा अशा विषयांवर विद्यार्थीच वाद घालीत.

मुलें घरींहि प्रश्न विचारूं लागलीं, तेव्हां पालक बिथरले. कांहीं मुलांचें वर्तन उच्छृंखल होतें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु व्यवस्थापकांनीं डेरोझिओचें म्हणणें ऐकूनहि न घेतां त्याला दूर करावयाचें ठरविलें, आणि एप्रिल १८३१ मध्यें त्यानें राजीनामा दिला. गंभीर प्रश्नांची एकच बाजू शिकवून मुलांना अडाणी व हेकट बनविणें आपल्याला सहज जमलें असतें, अशा आशयाचें उत्तर त्यानें विल्सनसाहेबांस लिहिलें.

त्याच डिसेंबरांत, बाविसाव्या वर्षीं, पटकीनें त्याचा अंत झाला. एव्हरेस्टच्या उंचीच्या गणिताशीं ज्यांचें नांव जोडलें जातें, ते राधानाथ सिकदार त्याच्याच शिष्यमंडळींतले.