क्योतोचा खेळ, काशीचे खेळणे

३० ऑगस्ट २०१४ रोजी काशी आणि जपानातील क्योतो या दोन देवालयनगरांत सहकार्याचा करार झाला. मुलांच्या मुठीत मावणारी खेळणी या दोन्ही नगरांनी घडविली, ही गोष्ट त्या समारंभात कोणाच्या ध्यानी आली असेल तर नवलच!

क्योतोत १८८९ साली फुलांच्या चित्रांचे पत्ते करणारे एक दुकान निघाले, तेच निंटेंडो. पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करण्यासाठी १९६५ साली तेथे आलेले गुनपेई योकोई आणि त्यांचे सहकारी यांनी १९८९ साली ‘गेम बॉय’ सिद्ध केला. चार सेल, आणि हिरवट, रंगहीन पडदा. रंगीत पडद्याचे प्रतिस्पर्धी लवकरच आले. पण ते काही तासांतच सेल गिळून टाकीत. योकोईंनी जुने, स्वस्त, कसाला उतरलेले तंत्र बुद्ध्याच निवडले होते. त्या पिढीच्या स्मरणात राहिला तो हाच मंद पडदा, खिडकीच्या उजेडाकडे कलता धरून पाहिलेला.

काशीच्या खोजवाँ-काश्मीरीगंज भागातील कातारी याहून कितीतरी जुन्या तंत्रावर विसंबून आले. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाच्या अंगभर चढते. भोवरे, खुळखुळे, बोटभर उंचीची भातुकली. पुढे जंगलातील कोरैयाचे लाकूड मिळेनासे झाले आणि निलगिरीवर भागवावे लागले.

काशीहून परतणाऱ्या मराठी यात्रेकरूच्या गाठोड्यात ही भातुकलीही कधी असे. गंगेचा गडू देवघरात जाई. भातुकली मात्र मुले त्याच संध्याकाळी ओसरीवर मांडीत.